प्रोजेक्ट फसला? मग लिही ना तसं!

फेब्रुवारी-मार्च आला की कॉलेजच्या आजूबाजूची झेरॉक्सची दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. कुणाचं ब्लॅक बुक बाइंडिंगला टाकलेलं असतं, कुणी सर्टिफिकेटच्या पानावर गाईडची सही मिळवायला स्टाफरूमच्या दारात ताटकळत असतं. सर्व्हेचे शंभर फॉर्म हवे असतात. त्यातले साठ मित्रमैत्रिणींनी भरलेले असतात आणि उरलेले चाळीस आपणच कॅन्टीनमध्ये बसून, पेनं बदलून बदलून. निष्कर्षाचं पान मागच्या वर्षीच्या सीनियरचं असतं, फक्त नाव बदललेलं.

आणि गंमत बघा, या सगळ्या प्रोजेक्टांचा शेवट कायम गोड होतो. 'सदर अभ्यासातून असे दिसून आले की...' म्हणत प्रत्येकाचं गृहीतक सिद्ध होतं. फसलेला प्रोजेक्ट तुम्ही कधी पाहिलाय? 'आम्ही हे करून बघितलं, पण जमलं नाही, आणि का जमलं नाही ते असं' असं लिहिलेलं ब्लॅक बुक? मी तरी नाही पाहिलं.

आता कल्पना करा, असाच एक प्रोजेक्ट एका शिकाऊ फॅमिली डॉक्टरला करायचाय. तिच्या फॉर्मवर नावं आहेत ती खऱ्या पेशंटची. तिथे जर तिने चाळीस फॉर्म पेनं बदलून भरले तर? मार्क मिळतील, पुढच्या वर्षाला जाता येईल, कुणाला कळणारही नाही. फक्त यादीतल्या एखाद्या पेशंटकडे कुणाचं लक्ष जाणार नाही.

म्हणून शिकाऊ डॉक्टरांचे प्रोजेक्ट तपासायचे कसे, त्यांना मदत करायची कशी, हा प्रश्न ब्रिटनमध्ये गेली पंचवीस-तीस वर्षं चर्चेत आहे. त्यातून जे उत्तर हळूहळू पुढे आलं, ते डॉक्टर होणाऱ्यांनीच नाही, तर बीकॉमपासून इंजिनीअरिंगपर्यंत प्रोजेक्ट करणाऱ्या प्रत्येकाने ऐकण्यासारखं आहे.

फॅमिली डॉक्टर व्हायलाही ट्रेनिंग लागतं

ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरला जीपी म्हणतात, म्हणजे जनरल प्रॅक्टिशनर. त्यांच्या दवाखान्याला 'सर्जरी' म्हणतात. नाव ऐकून दचकू नका, आत कुणाचं ऑपरेशन चाललेलं नसतं! आपल्याकडे अनेकांना वाटतं की एमबीबीएस झालं की माणूस फॅमिली डॉक्टर झालाच. तिकडे तसं नाही. मेडिकलची पदवी, मग दोन वर्षं फाउंडेशन ट्रेनिंग आणि त्यानंतर साधारण तीन वर्षं खास जीपीचं ट्रेनिंग. आपल्याकडून एमबीबीएस करून, प्लॅबची परीक्षा देऊन तिकडे गेलेले बरेच डॉक्टर याच वाटेने जीपी होतात. त्यात मराठी मुलंमुलीही आहेत.

या तीन वर्षांत एक लेखी परीक्षा असते आणि पेशंटशी कसं बोलता, निर्णय कसा घेता हे बघणारी एक परीक्षा असते. तिसरा भाग रोजच्या कामाच्या मूल्यमापनाचा. काम करता करता जे शिकलात त्याचे पुरावे एका ऑनलाइन पोर्टफोलिओत जमा करत जायचे. रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्सने ऑगस्ट २०२० पासून या तिसऱ्या भागात बदल केले. तेव्हापासून पहिल्या दोन वर्षांत, जीपीच्या दवाखान्यात पोस्टिंग असताना, प्रत्येक ट्रेनीला एक 'क्वालिटी इम्प्रूव्हमेंट प्रोजेक्ट' करावा लागतो. सगळे त्याला क्यूआयपी म्हणतात.

हे संशोधन नव्हे, हे आधी लक्षात घ्या. संशोधनात आपण विचारतो, 'योग्य उपचार कोणता?' क्यूआयपीत विचारायचं, 'योग्य काय ते तर माहीत आहे, पण आमच्या दवाखान्यात ते खरंच होतंय का? नसेल तर का नाही?' वरवर सोपा वाटणारा हा प्रश्न खरं तर जास्त अडचणीचा आहे, कारण त्याचं उत्तर आपल्याच घरात शोधायचं असतं.

निळ्या पंपाची गोष्ट

एक उदाहरण घेऊ. डॉक्टर काल्पनिक आहे, दवाखाना काल्पनिक आहे, त्यातले आकडेही समजुतीसाठी घेतलेले आहेत. आजार मात्र खरा आहे.

आपल्या ओळखीतल्या कुणाला दमा असेल तर 'पंप' हा शब्द तुम्हाला माहीत असेल. ब्रिटनमध्ये निळा पंप म्हणजे धाप लागल्यावर लगेच आराम देणारा. श्वासनलिकांची सूज कमी करून त्रास होऊच नये म्हणून रोज घ्यायचा पंप वेगळा. निळ्याने पटकन बरं वाटतं, त्यामुळे बरेच जण रोजचा विसरतात आणि निळ्यावरच दिवस काढतात. आतली सूज तशीच राहते, आणि एखाद्या रात्री निळा पंपही पुरत नाही.

२०१४ मध्ये ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंचा एक राष्ट्रीय आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १९५ मृत्यू एकेक करून तपासले होते. निळ्या पंपांची नोंद उपलब्ध असलेल्या १६५ जणांपैकी ६५ जणांना, म्हणजे ३९ टक्के लोकांना, मृत्यूच्या आधीच्या वर्षात १२ पेक्षा जास्त पंप लिहून दिले गेले होते. म्हणजे महिन्याला एकाहून जास्त. धोक्याची घंटा वाजत होती, कागदावर दिसतही होती. आढाव्याने शिफारस केली की वर्षात १२ पेक्षा जास्त पंप लागलेल्या प्रत्येक पेशंटला बोलावून तातडीने तपासा. नोव्हेंबर २०२४ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचना तर आणखी पुढे गेल्या. दम्याच्या पेशंटला सूज कमी करणाऱ्या औषधाशिवाय नुसता निळा पंप देऊच नका, असं त्या सांगतात.

म्हणजे योग्य काय ते माहीत आहे. आता आपली ट्रेनी डॉक्टर विचारते, 'आमच्या दवाखान्यात ते होतंय का?'

ब्रिटनमध्ये एक सोय आहे. प्रत्येक माणूस एका दवाखान्यात नोंदवलेला असतो. इंग्लंडमध्ये एका प्रॅक्टिसकडे सरासरी दहा हजारांच्या आसपास लोक असतात. कॉम्प्युटरवर शोध टाकला की यादी समोर येते. समजा, आपल्या डॉक्टरला दम्याचे ६०० पेशंट सापडले. त्यातल्या २८ जणांना वर्षात १२ पेक्षा जास्त निळे पंप दिले गेलेत. या २८ पैकी ११ जणांची वर्षभरात दम्याची तपासणी झालीय. राहिले १७.

ती यादी खाली सरकवत जाते आणि थांबते. १७ पैकी तिघांना गेल्या दोन महिन्यांत जे पंप मिळाले, त्या प्रिस्क्रिप्शनवर सही तिचीच आहे. ओपीडी संपल्यावर स्क्रीनवर रिपीट प्रिस्क्रिप्शनची लांबलचक रांग असते. 'तेच औषध पुन्हा द्या' एवढंच त्यात असतं. दिवसभर दमलेली ती एकामागून एक सह्या करत गेली होती.

आता हे प्रोजेक्टमध्ये लिहायचं का?

प्रोजेक्ट कसा तपासला जाणार आहे, यावरच या प्रश्नाचं उत्तर ठरतं. शेवटच्या आकड्याला मार्क मिळणार असतील तर ती हे लिहिणार नाही. का लिहावं? पण 'तुला काय दिसलं, त्यातून तू काय बदललंस' याला महत्त्व असेल, तर हेच तिच्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात मोलाचं वाक्य ठरतं.

गाईडचं काम सहीच्या आधी सुरू होतं

प्रत्येक ट्रेनीमागे एक अनुभवी जीपी ट्रेनर असतो. आपल्या भाषेत गाईड. चांगला गाईड प्रोजेक्टमध्ये कुठे कुठे लागतो ते बघा.

पहिलं, विषय छोटा करायला. ट्रेनी येते ती 'दम्याच्या पेशंटची काळजी सुधारणे' असा भलामोठा विषय घेऊन. हाताशी असतात जेमतेम सहा महिने, म्हणजे एक पोस्टिंग. गाईड विचारतो, "हे यशस्वी झालं तर सोमवारी सकाळी इथे नेमकं काय वेगळं दिसेल?" या एका प्रश्नाने विषय आटोक्यात येतो. 'वर्षात १२ पेक्षा जास्त निळे पंप घेतलेल्या आणि तपासणी न झालेल्या पेशंटची संख्या चार महिन्यांत १७ वरून ५ वर आणणे.' आता मोजता येईल असं काहीतरी हातात आलं.

दुसरं, घाई थांबवायला. आपल्या सगळ्यांना उपाय आधी सुचतो आणि कारण नंतर. पेशंट येत नाहीत? पत्र पाठवू! समजा तिने १७ पत्रं पाठवली. तीन आठवड्यांत आले दोन. इथे बहुतेक प्रोजेक्ट संपतात, 'पेशंटमध्ये जागरूकतेचा अभाव आहे' असं लिहून. गाईड म्हणतो, "जे आले नाहीत त्यातल्या चार जणांना फोन करून विचार." ती फोन करते. एक जण रात्रपाळीला असतो आणि अपॉइंटमेंट मिळते ती झोपेच्या वेळी. एकीला पत्र वाचून वाटलं की आपला पंप बंद करणार. एक आजोबा म्हणतात, "निळ्याने बरं वाटतंय की, मग कशाला येऊ?" जागरूकतेचा अभाव या दोन शब्दांखाली तीन वेगळी माणसं होती.

तिसरं, टीम जोडून द्यायला. ट्रेनी नवी असते, काही महिन्यांची पाहुणी. रिसेप्शनवरच्या बाई, नर्स आणि फार्मासिस्ट तिथे वर्षानुवर्षं काम करत असतात. दुसऱ्या फेरीत पत्राऐवजी फार्मासिस्ट संध्याकाळी फोनवरून तपासणी करायला तयार होते. आणखी सात जणांची तपासणी होते. राहिले आठ. तिसऱ्या फेरीत कॉम्प्युटरवरच सोय होते. वर्षातला सातवा पंप मागितला गेला की फार्मासिस्टला सूचना जाते आणि ती त्याच आठवड्यात फोन करते. आणखी दोन जण तपासले जातात. राहिले सहा.

चौथं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. 'यातून कुणाचं नुकसान तर होणार नाही ना?' हे विचारायला. समजा तिने ठरवलं असतं की तपासणीला आल्याशिवाय निळा पंपच द्यायचा नाही. आकडा पटापट खाली आला असता. पण शनिवारी रात्री कुणाला धाप लागली आणि घरात पंपच नसला तर? आकडा सुधारला आणि माणूस गेला, असंही होऊ शकतं. म्हणून चांगल्या प्रोजेक्टमध्ये आणखी एक मोजमाप ठेवतात. आपण एक गोष्ट सुधारताना दुसरी बिघडत तर नाही ना, हे बघणारं. आपल्या डॉक्टरच्या योजनेत पंप कुणालाच नाकारला जात नाही, फक्त फोन जातो.

जपानच्या कारखान्यातून दवाखान्यात

ही 'थोडं कर, बघ, बदल, पुन्हा कर' पद्धत डॉक्टरांनी शोधलेली नाही. मुळात ती कारखान्यांतली. अमेरिकेत बेल कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्टने १९२० च्या दशकात उत्पादनातले दोष आकडेवारीने कसे समजून घ्यायचे यावर काम केलं. त्याचे विचार पुढे नेणाऱ्या एडवर्ड्स डेमिंगने १९५० मध्ये जपानमधल्या इंजिनीअरांना आणि व्यवस्थापकांना व्याख्यानं दिली. युद्धानंतर उभ्या राहणाऱ्या जपानी उद्योगांनी ती मनावर घेतली. त्यातून आज सगळीकडे शिकवलं जाणारं पीडीएसए चक्र आलं. प्लॅन, डू, स्टडी, अॅक्ट. म्हणजे योजना करा, छोट्या प्रमाणावर करून बघा, काय झालं त्याचा अभ्यास करा, त्यानुसार पुढचं पाऊल टाका. तिसऱ्या पायरीला बरेच जण 'चेक' म्हणत, डेमिंगचा आग्रह मात्र 'स्टडी' या शब्दाचा होता. झालं की नाही एवढंच बघायचं नाही, असं का झालं तेही शिकायचं.

मॅनेजमेंटवाल्यांनो, हे तुमच्या सिलॅबसमध्ये आहेच. पाठ केलंत, व्हायवाला सांगितलंत. पण स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये एक तरी चक्र फिरवलंत का?

मार्क कशाला?

आता तपासण्याची गोष्ट. ब्रिटनमध्ये १९९६ मध्ये जीपी ट्रेनिंगच्या शेवटी 'समेटिव्ह असेसमेंट' नावाची पद्धत आली. तिचे चार भाग होते. लेखी परीक्षा, पेशंटशी बोलतानाचा व्हिडिओ, ट्रेनरचा अहवाल आणि एक लेखी प्रोजेक्ट. बहुतेक जण प्रोजेक्ट म्हणून ऑडिट करायचे. पैशांचं नव्हे, कामाचं! एक मानक ठरवायचं, आपण त्याच्या किती जवळ आहोत ते मोजायचं, बदल करायचा, पुन्हा मोजायचं.

ऑडिट तपासायला आठ मुद्द्यांचा एक तक्ता वापरला जायचा. विषय का निवडला? निकष कोणते? मानक किती ठरवलं? तयारी काय केली? पहिली मोजणी? बदल काय केला? दुसरी मोजणी? निष्कर्ष? आठही मुद्दे असायला हवेत. नीट बघितलं तर यात 'सुधारणा किती टक्के झाली' हा मुद्दाच नाही. दुसऱ्या मोजणीत आकडा घसरला तरी प्रोजेक्ट पास होऊ शकत होता. दुसरी मोजणी केलीच नसेल तर मात्र नाही.

हा तक्ता स्वच्छ होता, पण त्यात एक अडचण होती. अहवाल लिहून पूर्ण झाल्यावर तो परीक्षकाकडे जायचा. चूक कळायची ती सगळं संपल्यावर. २००७ मध्ये जीपीची परीक्षापद्धती बदलली आणि तो वेगळा लेखी प्रोजेक्ट मागे पडला. २०२० मध्ये क्यूआयपी आला तो वेगळ्या रूपात. आता ट्रेनी पोर्टफोलिओत ठरावीक शीर्षकांखाली लिहिते. हा विषय का, कुणाकुणाला सोबत घेतलं, सुरुवातीची स्थिती काय होती, काय बदललं, काय झालं, मी काय शिकले, पुढे काय. मग गाईड त्यावर अभिप्राय देतो. अभिप्राय म्हणजे 'गुड वर्क, कीप इट अप' नव्हे. 'पत्राचा प्रयोग फसल्यावर तू फोन केलेस, त्याने प्रोजेक्टची दिशा बदलली. पण नर्सला पहिल्याच आठवड्यात विचारलं असतंस तर तीन आठवडे वाचले असते.' असं काहीतरी. वाचल्यावर पुढच्या वेळी काय करायचं ते कळलं पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, मदत करणारा आणि तपासणारा एकच माणूस असेल तर घोळ नाही का? ट्रेनी त्याच्यापासून चुका लपवणार आणि तो आपल्याच विद्यार्थिनीला सांभाळून घेणार. बरोबर आहे, ही भीती खरी आहे. म्हणून पास-नापासचा निर्णय एकट्या गाईडच्या हातात नसतो. पोर्टफोलिओत वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी केलेली निरीक्षणं असतात. दर सहा महिन्यांनी एज्युकेशनल सुपरवायझर त्यांचा आढावा घेतो आणि वर्षातून एकदा पॅनेल सगळे पुरावे बघून निर्णय देतं. प्रोजेक्ट हा त्यातला एक तुकडा. तो फसला म्हणून कुणी आयुष्यातून उठत नाही. आणि तसं आहे म्हणूनच तो प्रामाणिकपणे लिहायची हिंमत होते.

आपली डॉक्टर शेवटी लिहिते: 'ध्येय होतं ५, झाले ६. ध्येय गाठता आलं नाही. नवी नावं यादीत येणं कमी झालं का, हे सांगायला चार महिने पुरेसे नाहीत. मूळ यादीतल्या तिघांच्या प्रिस्क्रिप्शनवर माझी सही होती. रिपीट प्रिस्क्रिप्शनवर सही करताना मी आता आधीच्या बारा महिन्यांचा आकडा बघते.'

सांगा, हा प्रोजेक्ट पास की नापास?

सगळं छान छान? नाही!

हे वाचून तिकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. पोर्टफोलिओत सतत काहीतरी लिहावं लागतं, याचा ट्रेनींना वैताग येतो. रात्री अकरा वाजता 'मी यातून काय शिकलो' लिहायला बसलेला डॉक्टर मनापासून लिहील की रकाना भरेल, तुम्हीच सांगा. रकाना भरायची कला तिकडेही आहे, फक्त ती ऑनलाइन आहे.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. ट्रेनी सहा महिन्यांनी दुसरीकडे जाते. तिच्याबरोबर तिचा उत्साह जातो आणि प्रोजेक्ट फाईलमध्ये पडून राहतो. पुढचा ट्रेनी नवा विषय घेतो, कारण प्रत्येकाला 'स्वतःचा' प्रोजेक्ट हवा असतो. म्हणून जाणते गाईड दोन गोष्टी बघतात. बदल एखाद्या यंत्रणेत बसवलाय का, जसा इथे कॉम्प्युटरवरच्या सूचनेत बसवला. आणि पुढच्या माणसाकडे काय सोपवलंय. उरलेल्या सहा पेशंटचं पुढे कोण बघणार, हे ठरवल्याशिवाय त्यांच्या लेखी प्रोजेक्ट पूर्ण होत नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडेही एमबीबीएसनंतर फॅमिली मेडिसिनमध्ये तीन वर्षांचं डीएनबी करता येतं, आणि त्यात थिसिस असतो. एमडी फॅमिली मेडिसिनही आहे, पण जागा फार थोड्या. थिसिस हे संशोधन. त्याला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, नमुना किती हवा याचं गणित लागतं, संख्याशास्त्र लागतं. ते आवश्यकच आहे. पण 'आपल्याच ओपीडीत काय चुकतंय आणि ते पुढच्या महिन्यात कसं सुधारता येईल' हा छोटा प्रश्न थिसिसच्या मापात बसत नाही.

शिवाय आपल्याकडे पेशंट एका दवाखान्याशी नोंदवलेला नसतो. आज या डॉक्टरकडे, उद्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून थेट औषध. त्यामुळे '६०० पैकी २८' असं म्हणणंच अवघड, कारण ६०० कोण तेच माहीत नसतं. मग काय करायचं? जे हाताशी आहे तिथून सुरुवात. केसपेपर, ओपीडीचं रजिस्टर, एका आठवड्यात आलेले पन्नास पेशंट. बीपीच्या किती पेशंटच्या केसपेपरवर आज बीपीचा आकडा लिहिलाय, एवढं मोजलं तरी पहिलं चक्र सुरू होतं.

आणि हे आपल्या देशात होतच नाही असंही नाही. दिल्लीच्या एम्सने जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया कार्यालयाबरोबर 'पॉइंट ऑफ केअर क्वालिटी इम्प्रूव्हमेंट' नावाचं प्रशिक्षण साहित्य तयार केलंय. मुख्यतः बाळंतपण आणि नवजात बाळांच्या काळजीसाठी. त्याच्या चार पायऱ्या आहेत. समस्या ओळखा, कारणं शोधा, बदल छोट्या प्रमाणात करून बघा, टिकवा. मोठं बजेट नको, मोठी मशिनरी नको. वॉर्डातले डॉक्टर आणि नर्स एकत्र बसले पाहिजेत, एवढं पुरतं. मेडिकलला असाल तर इंटर्नशिपमध्ये हे नक्की करून बघा.

बाकीच्यांचं काय? तुमच्या प्रोजेक्टवर कुणाचा श्वास अवलंबून नाही, हे मान्य. पण पुढे नोकरीत कुणीतरी तुम्हाला विचारणारच, 'हे का चाललं नाही?' तेव्हा 'सदर अभ्यासातून असे दिसून आले की' कामाला येणार नाही. जे झालं ते जसंच्या तसं बघायची आणि सांगायची सवय लागते. ती सवय लावून घ्यायला कॉलेजचा प्रोजेक्ट ही सगळ्यात स्वस्त जागा आहे. इथे फसलात तर जाऊन जाऊन चार मार्क जातील.

म्हणून यंदा शंभर फॉर्म भरले नाहीत तर साठच दाखवा. साठच का मिळाले ते लिहा. आणि गाईडकडे सहीसाठी शेवटच्या दिवशी जाण्याऐवजी अर्धवट काम घेऊन आत्ताच जा. काही गाईड वैतागतील, खोटं कशाला बोलू! पण बरेच जण चकित होतील, कारण अर्धवट काम घेऊन त्यांच्याकडे कधी कुणी गेलेलंच नसतं.

गाईडकडे जाताना हे पाच प्रश्न घेऊन जा

१. माझा विषय फार मोठा आहे का? कुठून कापू?

२. माझं काम यशस्वी झालं हे मला कशावरून कळेल? मी नेमकं काय मोजू?

३. हा प्रश्न रोज जवळून बघणारं कोण आहे? मी त्यांच्याशी बोललो किंवा बोलले का?

४. माझ्या उपायाने कुणाची गैरसोय तर होणार नाही?

५. जे जमलं नाही ते कुठे आणि कसं लिहू?

पाचव्या प्रश्नावर गाईड हसले, तर समजा योग्य गाईड मिळाले.